मरणाची भीती पुरे, जखमेचं बोला

"सिगारेट किती?" ड्रेसिंग करता करता डॉक्टरांनी विचारलं.

"कधीतरी. पार्टीबिर्टीत," मी म्हटलं.

पावसात बाईक घसरून नडगीवर ९ टाके पडले होते. टाके काढून तीन आठवडे झाले तरी जखमेचं एक टोक मिटत नव्हतं. कडा पांढरट, मध्ये ओलसर. शुगर तपासली, नॉर्मल आली. गोळ्या बदलून झाल्या. वय २७, आठवड्यातून चार दिवस जिमला जाणारा माणूस, आणि पायावरचं दोन बोटांएवढं कातडं काही जुळून येत नाही. डॉक्टरांनी माझ्या बोटांवरच्या पिवळ्या डागांकडे पाहिलं आणि काही न बोलता पट्टी बांधली. मी बाहेर आलो, रस्ता ओलांडला आणि दवाखान्यासमोरच्या टपरीवर कटिंगबरोबर एक सुट्टी सिगारेट घेतली.

मी खोटं का बोललो, हे नंतर बरेच दिवस डोक्यात घोळत राहिलं. लाज वाटली हे एक कारण. पण खरं कारण असं की डॉक्टरांच्या प्रश्नाचा आणि माझ्या पायाचा काही संबंध असेल, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, डॉक्टर संस्कार करताहेत. सिगारेट म्हटलं की फुप्फुस, कॅन्सर आणि मरण. नडगीशी तिचं काय देणंघेणं? मी शिकलेला आहे, बऱ्यापैकी वाचतो, आठ वर्षं रोज सिगारेट ओढत होतो, आणि ही साधी गोष्ट माझ्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती. माझं भांडण त्याबद्दल आहे.

आधी जखम भरते कशी ते पाहू. रक्त गोठतं, खपली धरते. मग पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात, मेलेला भाग साफ करतात. त्यानंतर बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि काही पेशी कोलॅजेन नावाचे धागे विणायला घेतात. त्या विणकामावर वरची कातडी सरकत येते आणि जखम मिटते. या प्रत्येक टप्प्याला ऑक्सिजन लागतो. पांढऱ्या पेशी ज्या रसायनांनी जंतू मारतात, ती ऑक्सिजनपासूनच बनतात. कोलॅजेनचा धागा पक्का व्हायलाही ऑक्सिजनच लागतो.

आता झुरका घ्या. निकोटिनमुळे हातापायांच्या आणि कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे ऑक्सिजनची जागा तोच अडवून बसतो. वर धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. पेशीपर्यंत पोचलेला थोडाफार ऑक्सिजनही ते तिला नीट वापरू देत नाही. म्हणजे रस्ता अरुंद, टेम्पोत भलताच माल, आणि चुकून योग्य माल पोचलाच तर कारखान्याची मशीन बंद.

हे किती वेळ चालतं? १९९१ मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या एका प्रयोगात माणसांच्या कातडीखालचा ऑक्सिजन थेट मोजला होता. दहा मिनिटांच्या धूम्रपानानंतर तो जवळजवळ तासभर खाली राहत होता. रोज एक पाकीट ओढणाऱ्याचं गणित तुम्हीच करा. त्याच्या जागेपणीचा बराचसा वेळ शरीराला पुरेशा ऑक्सिजनशिवाय डागडुजी करावी लागते.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी याहून स्पष्ट उत्तर काढलं. ७८ स्वयंसेवकांच्या पाठीच्या खालच्या भागावर मुद्दाम छोट्या जखमा केल्या आणि त्या कशा भरतात ते पाहिलं. २००३ मध्ये निकाल छापले गेले. कधीच सिगारेट न ओढणाऱ्यांच्या २ टक्के जखमांत जंतुसंसर्ग झाला, ओढणाऱ्यांच्या १२ टक्के. ज्यांनी चार आठवडे सिगारेट बंद ठेवली, त्यांचं संसर्गाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळ आलं. यातल्या काहींना निकोटिनचा पॅच दिला होता, काहींना नकली पॅच. दोघांमध्ये फरक पडला नाही. म्हणजे सोडताना पॅचची मदत घेतली तरी जखमेचं नुकसान होत नाही. मुख्य गुन्हेगार धूर आहे.

त्याच देशात गुडघा आणि खुबा बदलण्याच्या ऑपरेशनआधी सहा ते आठ आठवडे काही रुग्णांना सिगारेट सोडायला किंवा कमी करायला मदत केली गेली. २००२ मधल्या त्या अभ्यासात मदत मिळालेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली. नेहमीसारखं सोडून दिलेल्यांमध्ये ५२ टक्क्यांना. ऑपरेशन तेच, रुग्णालयं तीच.

चार आठवडे. मला कोणी "सिगारेट सोड, नाहीतर साठीत मरशील" म्हटलं तर मी हसतो. "चार आठवडे थांब, पाय भरेल" म्हटलं असतं तर मी निदान ऐकून घेतलं असतं.

*

आपल्याकडे तंबाखूविरोधाची सगळी भाषा मरणाची आहे. २००९ मध्ये पाकिटांवर पहिल्यांदा चित्रं आली, त्यातलं एक चित्र विंचवाचं होतं. विंचू! विंचवाचा आणि तंबाखूचा संबंध काय, हे विचारण्यातच लोकांची करमणूक झाली. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. मग डिसेंबर २०२२ पासूनचं वाक्य आलं, तंबाखूमुळे वेदनादायक मृत्यू होतो. त्यानंतरचं, तंबाखू सेवन करणारे लवकर मरतात. थिएटरमध्ये स्पंजसारखं फुप्फुस पिळून वाटीभर डांबर काढणारी जाहिरात आपण इतक्या वेळा पाहिली की कॉलेजात तिची नक्कल करून दाखवायचो आणि इंटरव्हलला बाहेर जाऊन पेटवायचो.

विशीतल्या माणसाला मरण सांगून काय होतं? ते त्याचं नसतंच. ते पासष्ट वर्षांच्या कुणा अनोळखी म्हाताऱ्याचं असतं. उलट त्यात थोडी ऐटही असते. जिवावर उदार झाल्याचा भाव दहा-पंधरा रुपयांत कुठे मिळतो? पण न भरणाऱ्या जखमेत ऐट नाही. त्यातून पू येतो. त्याला वास येतो. त्यासाठी आईला सांगून ऑफिसला सुट्टी टाकावी लागते. डोळ्यांची आग होऊन कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्या लागतात, यातही काही नाट्यमय नाही. लेन्स वापरणाऱ्यांपैकी सिगारेट ओढणाऱ्यांच्या बुबुळाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका जास्त असतो, हे किती जणांना माहीत आहे? चष्म्याच्या दुकानात मला लेन्स विकताना हात धुवायला सांगितलं होतं. याबद्दल अवाक्षर नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मौखिक कॅन्सरची चित्रं चुकीची नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू चघळणारे किंवा दाताला लावणारे निघाले आणि धूर ओढणारे ३.८ टक्के. ज्या राज्यात तळहातावर चुना मळणं हे ओळख करून घेण्याचं साधन आहे, तिथे फाटलेल्या गालाचं चित्र दाखवायलाच हवं. पण तसंच चित्र सिगारेटवरही चिकटवलं की ओढणारा म्हणतो, हे तर गुटखेवाल्यांचं झालं, आपण सुटलो.

आणि चित्र दिसतं तरी कुणाला? आपल्यातले किती जण पाकीट विकत घेतात? टपरीवाला पाकिटातून एक काढतो, हातावर ठेवतो. चित्र त्याच्या फळीवर राहतं. तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत नंबर पाकिटावर छापलेला असतो, तोही फळीवरच राहतो. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणासाठी. कारण अगदी बरोबर होतं. आता खाली टपरीवर जाऊन बघा. मी तेव्हापासून शेकडो सुट्ट्या सिगारेट घेतल्या असतील, मला कोणी अडवलं नाही.

सरकारला दोष देताना आणखी एक आठवण करून देतो. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीच्या मोठ्या भागधारकांत सरकारी मालकीचं आयुर्विमा महामंडळ आहे. आयुष्याचा विमा काढणारी संस्था आणि सिगारेटचा नफा एकाच कपाटात. मग इशारा लांबच्या मरणाचा असला तर कुणाचं काय बिघडतं?

*

आता डोळ्यांबद्दल. इथे मला बाबांविषयी लिहावं लागेल.

बाबा शाळेत मराठी शिकवायचे. रात्री जेवण झालं की पेपरांचा गठ्ठा, लाल पेन आणि सिगारेट. खिडकी उघडी असायची, आपण घरात ओढत नाही असं त्यांना वाटायचं. आज ते ७१ वर्षांचे आहेत. वर्तमानपत्र हातात धरतात तेव्हा ज्या शब्दाकडे बघतील तो शब्द पुसल्यासारखा होतो. कडेचं दिसतं, मधलं जातं. माझा चेहरा नीट दिसावा म्हणून ते माझ्या कानाकडे बघतात. फ्रीजवर चौकटींच्या जाळीचा एक कागद लावलाय. रोज सकाळी एक डोळा झाकून त्यावरच्या रेषा सरळ दिसतात की वाकड्या ते तपासायचं. वाकडेपणा वाढला की दवाखाना गाठायचा.

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणूस ओळखणं हे सगळं त्याच्यावर चालतं. वयाबरोबर तो झिजण्याचा जो आजार आहे, त्याचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांना साधारण दोन ते चार पट असतो. पडदा हा शरीरातल्या सर्वांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांपैकी एक. जखमेला जो धूर उपाशी ठेवतो, तोच यालाही. शिवाय मॅक्युलाला उजेडाच्या माऱ्यापासून वाचवणारं पिवळं रंगद्रव्य धूम्रपान करणाऱ्यांत कमी आढळतं. मोतीबिंदूचंही तसंच. तंबाखूतला कॅडमियम हा जड धातू डोळ्याच्या भिंगात साठत जातो.

बाबांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की एका माणसाच्या बाबतीत एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. वय आहे, घराण्यातून आलेलं काही असेल. पण आपल्या हातात असलेल्या कारणांमध्ये सिगारेट सर्वांत वर. बाबा गप्प बसले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "हे तेव्हा सांगितलं असतं तर... मला डोळे लागायचे रे कामाला."

तेव्हा सांगता आलं असतं का? अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००४ च्या अहवालात धूम्रपान हे मोतीबिंदूच्या एका प्रकाराचं कारण आहे असं स्पष्ट लिहिलंय. शस्त्रक्रियेनंतर जखमा नीट न भरण्याचा धोकाही त्याच अहवालात आहे. मॅक्युलाचा आजार २०१४ च्या अहवालात आला. ऑस्ट्रेलियाने २००६ पासून पाकिटावर उघडा डोळा छापला आणि सिगारेटने आंधळेपण येतं असं खाली लिहिलं. युरोपातल्या पाकिटांवरही हा इशारा आहे. शाळामास्तराला, शिंप्याला, ड्रायव्हरला, दिवसभर स्क्रीनवर कोड लिहिणाऱ्या पोरीला मरणापेक्षा हे वाक्य जास्त जवळचं आहे. आपल्या पाकिटावर डोळा नाही.

"माझं शरीर, माझा निर्णय" हे वाक्य मीही अनेकदा फेकलंय. तत्त्व म्हणून मला ते अजूनही मान्य आहे. अडचण अशी की धूर ते वाक्य वाचत नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातले ३८.७ टक्के प्रौढ घरातच दुसऱ्याचा धूर घेत होते. हाँगकाँगमध्ये ६ ते ८ वर्षांच्या १,४०० मुलांचे डोळे तपासले गेले. घरात धूर असलेल्या मुलांच्या पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर इतरांपेक्षा पातळ निघाला. हा अभ्यास २०१९ चा. त्या मुलांना पुढे काय होईल हे अजून कळायचंय, पण निर्णय त्यांचा नव्हता एवढं आजच नक्की आहे. पुण्या-मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत खिडकी उघडून ओढलेली सिगारेट ही एकट्याची नसते. आमच्या घरात माझा पाळणा त्याच खिडकीखाली होता.

*

आता आपल्या गोटाकडे वळतो. साहित्याच्या वेबझिनमध्ये लिहितोय, तर इथली गोष्ट इथेच बोललेली बरी. आपल्याकडे सिगारेट हे लेखकपणाचं ओळखपत्र झालंय. कृष्णधवल फोटो, अर्धा चेहरा अंधारात, धुराची वळणं. कवीसंमेलनाच्या बाहेर पेटवल्याशिवाय कवितेवर बोलताच येत नाही असा आपला समज आहे. मी पहिली सिगारेट ओढली ती एका फोटोसारखं दिसावं म्हणून. फोटो सार्त्रचा होता.

सार्त्रच्या जन्मशताब्दीला, २००५ मध्ये, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने प्रदर्शनाचं पोस्टर काढलं आणि त्याच्या हातातली सिगारेट खोडून टाकली. कायद्याने तंबाखूची जाहिरात होऊ नये म्हणून. बरीच टिंगल झाली, आणि ती रास्त होती. सिगारेट खोडणं हा मूर्खपणा आहे. माझी मागणी उलटी आहे. सिगारेट राहू द्या, पण त्या फोटोशेजारी पुढचा फोटोही लावा. सार्त्रचा एक डोळा लहानपणापासूनच जवळपास निकामी होता. १९७३ च्या सुमारास दुसराही गेला, इतका की त्याला लिहिता-वाचता येईना. दुसऱ्यांनी वाचून दाखवायचं आणि त्याने ऐकायचं. पायांचं रक्ताभिसरण इतकं बिघडलं की सिगारेट सोडली नाही तर आधी बोटं, मग पाऊल, मग पाय कापावे लागतील असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सिमोन द बोव्हारने त्याच्या अखेरच्या वर्षांवर लिहिलेल्या पुस्तकात हे सगळं आहे. रक्तदाब होता, दारू होती, गोळ्या होत्या. सगळं खापर सिगारेटवर फोडणार नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर वाचलं आणि लिहिलं, त्याच्याकडून शेवटी काय काढून घेतलं गेलं ते बघा. आपण भिंतीवर लावतो तो फोटो चाळिशीतला असतो.

कोणी म्हणेल, हे सगळं मध्यमवर्गीय उपदेशाचं आहे; दिवसभर राबून विडी ओढणाऱ्याची तेवढी मौज कशाला हिरावता? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून उत्तर देतो. जखम न भरण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. माझे तीन आठवडे वर्क फ्रॉम होममध्ये गेले. जेवणाची पार्सलं पोचवणारा मुलगा तसाच पडला, तर न भरणारा प्रत्येक आठवडा म्हणजे बुडालेली मजुरी आणि बाईकचा थकलेला हप्ता. देशात मधुमेह असलेल्यांची संख्या २०२३ च्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार १० कोटींच्या पुढे आहे. त्यांच्या पायाच्या साध्या फोडाला धूर लागला की प्रकरण कुठे जातं, हे कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात बघायला मिळतं. आणि बर्जर्स डिसीज नावाचा एक आजार आहे. तो मुख्यतः तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांना होतो, साधारण पंचेचाळिशीच्या आत. हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होत जातात, बोटं काळी पडतात, जखमा चिघळतात. यात अवयव वाचवण्याचा भरवशाचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. भारतात विडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांमध्ये तो दिसतो. पायावर पोट असलेल्या माणसाचा पाय जात असताना त्याला ही माहिती न देणं, याला मी त्याच्या मौजेचा आदर म्हणणार नाही.

तर मागण्या साध्या आहेत. पाकिटावर, आणि टपरीच्या फळीवरही, डोळ्याचं आणि न भरलेल्या जखमेचं चित्र हवं. ठरवून करायच्या प्रत्येक ऑपरेशनआधी, मग ते हर्नियाचं असो की अक्कलदाढ काढायचं, रुग्णाला चार आठवड्यांचा हिशोब सांगितला जावा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये हेच सांगितलंय, की ऑपरेशनआधी चार आठवडे किंवा जास्त काळ सोडणाऱ्यांना गुंतागुंत कमी होते. लेन्स विकणाऱ्याने, चष्म्याचा नंबर काढणाऱ्याने एक प्रश्न जास्त विचारावा. आणि डॉक्टरांनो, विचारताना कारणही सांगा. नुसतं "सिगारेट किती?" विचारलंत तर आमच्या कानांना ते हेडमास्तरांसारखं ऐकू येतं.

उरला आपला भाग. १८००-११-२३५६ हा तो फळीवर राहून गेलेला नंबर. फोन मोफत आहे. पॅच, च्युइंगगम केमिस्टकडे मिळतात. मला तिसऱ्या प्रयत्नात जमलं, दोनदा घसरलो. जखम भरली, नडगीवर गुळगुळीत चकाकणारा एक पट्टा राहिलाय. बाबांचं गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचंय. रात्री मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो, ते डोळे मिटून ऐकतात आणि माझे उच्चार दुरुस्त करतात.

पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरने विचारलं तर निदान आकडा खरा सांगा. तुमची जखम कशी भरेल, हे तो त्या आकड्यावरून ठरवतो. माझा त्या दिवशीचा आकडा ११ होता. बाराव्वी मी रस्ता ओलांडून घेतली.